नऊ-पंधराचा पेपर

"जयवंता, गाडी आली का बघ रं," आईनं स्वयंपाकघरातून हाक मारली.

मी ओट्यावर चहाचा कप घेऊन बसलो होतो. रस्त्यावर ना गाडी होती, ना घोडं. शेजारच्या पाच नंबरातून मुल्लाचाचा तेवढे काठी टेकत येताना दिसले. काखेत पेपर. आमच्या फाटकाशी येऊन ते थांबले, मनगटावरचं घड्याळ डोळ्यांजवळ नेलं, थोडा वेळ तसेच उभे राहिले आणि मग कडी वाजवली.

"नऊ-पंधरा," ते म्हणाले. "वहिनी, गाडी टायमावर हाय बगा."

आई लगबगीनं बाहेर आली. अंगावर धुतलेलं पातळ, केस विंचरून घट्ट अंबाडा, जशी काही लग्नाला निघाली होती. तिनं दोन्ही हातांनी पेपर घेतला.

"झोप लागली का?" चाचांनी विचारलं.

"लागली की. तुमचा गुडघा काय म्हणतोय?"

"म्हणतोय, मी हाय अजून," चाचा हसले आणि आल्या वाटेनं परत गेले.

पेपरची पार रया गेलेली होती. पहिल्या पानावर कुणाच्या तरी कपाचा गोल डाग, शब्दकोडं अर्धं सोडवलेलं, आणि वरच्या कोपऱ्यात वेगवेगळ्या हातांनी लिहिलेल्या वेळा: ७.१०, ७.३५, ८.००, ८.२५, ८.५०. आईनं चष्मा लावला, पेन्सिलीनं त्याखाली सावकाश ९.१५ लिहिलं आणि पेपर मांडीवर घेऊन बसली.

मला हसू आलं आणि रागही आला. खरं सांगायचं तर रागच जास्त आला.

ही चौदा वर्षांपूर्वीच्या जानेवारीतली गोष्ट. कराडच्या कडेला आमची बारा घरांची कॉलनी आहे. सगळी घरं एस.टी.तून निवृत्त झालेल्यांची. कुणी ड्रायव्हर, कुणी कंडक्टर, मुल्लाचाचा मेकॅनिक. गाव तिला खाकी कॉलनी म्हणतं. पोरं शिकली, पुण्या-मुंबईला पांगली आणि मागं उरली म्हातारी मंडळी, बहुतेक घरांत एकेकटी. एक नंबरात येसुगडे नाना. त्यांनी जन्मभर स्टँडवर कंट्रोलर म्हणून गाड्या सोडल्या. निवृत्तीनंतर सोडायला गाड्या उरल्या नाहीत, तेव्हा त्यांनी पेपरालाच गाडी केलं होतं, अशी माझी समजूत होती. बारा घरांत मिळून एकच पेपर. सकाळी सात-दहाला त्याची फेरी नानांच्या घरापासून सुरू व्हायची, तो प्रत्येक घरी पंचवीस मिनिटं थांबायचा आणि पावणेबाराला बारा नंबरात पोचायचा. ज्याचा वाचून झाला त्यानं स्वतः उठून तो पुढच्या दारात नेऊन द्यायचा. नेऊन द्यायचा म्हणजे हातात द्यायचा. फाटकात टाकून गेलेलं चालत नसे.

मी तेव्हा पिंपरीत एका कारखान्यात सुपरवायझर होतो आणि सुट्टीवर घरी येऊन नाकानं कांदे सोलायची मला सवय होती. माझी आई पाच घरांनी हाताळलेला पेपर घेते याची मला लाज वाटायची. बरं, तिचं वाचन तरी काय? शाळा तिनं बघितलेली नव्हती. वडील, म्हणजे तात्या, ड्रायव्हर होते. त्यांच्या गाडीच्या पाट्यांवरून ती अक्षरं शिकली होती. 'कराड-चिपळूण मार्गे पाटण' ती एका दमात वाचायची, पण बातमीतल्या दुसऱ्याच शब्दाला तिची गाडी घाटात बंद पडायची.

"आई, पुण्याला चल आता," मी रोजचा विषय काढला. तात्यांना जाऊन दोन वर्षं झाली होती.

"न्हाई."

"अगं, तुला इथं काही झालं तर बघणार कोण?"

"हायत की."

"कोण? मुल्लाचाचा? त्यांनाच धरायला एक माणूस लागतंय."

"तरी रोज येतंय न्हवं माणूस?" तिनं चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. "हे बघ जयवंता, तुझा जीव वर-खाली होतोय, मला कळतंय. आपण असं ठरवू. ज्या दिवशी मी हितं पडले आन् कुणाला पत्ताच न्हाई असं झालं, त्या दिवशी तू म्हणशील तिकडं यीन. एका शब्दानं नको म्हणायची न्हाई. पर तवर मला ह्या घरातनं हलवायचं न्हाई."

"शब्द?"

"शब्द. दारातनं दिसतोय त्या तात्यांच्या फोटोसमोर बसून बोलतीय."

मला ते बरंच वाटलं. सत्तराव्या वर्षी म्हातारं माणूस असल्या पैजेत किती दिवस टिकणार, असा माझा हिशेब. असा विचार केला होता हे आज कागदावर लिहितानाही माझे कान गरम होतात.

नऊ-सदतीसला आई उठली, चपला घातल्या आणि पेपर घेऊन सात नंबरात मंगलकाकूंकडं गेली. मंगल थोरात, कंडक्टरची विधवा, जिभेला हाड नसलेली बाई. अंतर वीस पावलांचं, पण आईला यायला पाव तास लागला. आली ती हसत आली.

त्याच दुपारी माझ्या अंगात दानशूर कर्ण संचारला. मी बाजारात जाऊन पेपरवाल्याला गाठलं आणि उद्यापासून कॉलनीत बाराही घरी बारा पेपर टाकायला सांगितलं, वर्षभर, माझ्यातर्फे. म्हटलं, आयुष्यभर लोकांची वाहतूक केलेल्या या माणसांना निदान कोरा पेपर तरी वाचायला मिळू दे. आणि खोटं कशाला बोलू, निकम ड्रायव्हरचं पोरगं कुठल्या कुठं गेलं, हेही त्यांना कळू दे.

दुसऱ्या दिवशी साडेसहालाच बारा फाटकांत बारा पेपर पडले. मी मिरवत घरोघर गेलो.

नाना अंगणात उभे होते. त्यांच्या हातात त्यांचा पेपर होता आणि नजर व्हरांड्यातल्या घड्याळावर. "पोरा, मन मोठं हाय तुझं," ते म्हणाले. आणखी काही तरी बोलायचं त्यांच्या ओठांवर आलं होतं, पण ते घड्याळाकडंच बघत राहिले. सात-दहा झाले होते.

मंगलकाकूंनी पेपर उलटा-सुलटा करून बघितला. "सगळ्यांच्याकडं दिलास?"

"सगळ्यांकडं."

"म्हंजे आता कुणाला कुणाकडं जायाला नको."

"बघा की! केवढी दगदग वाचली."

काकू माझ्याकडं बघत राहिल्या. जिभेला हाड नसलेली बाई त्या दिवशी काही बोलली नाही, एवढ्यावरूनच खरं तर मला कळायला पाहिजे होतं. मला वाटलं, कृतज्ञतेनं शब्द फुटत नाहीयेत.

सव्वानऊला आई नेहमीसारखी केस विंचरून फाटकाशी येऊन उभी राहिली. पाच नंबरातून कुणी आलं नाही. ती थोडा वेळ थांबली आणि आत गेली. मी तिच्यासमोर कोरा करकरीत पेपर धरला. तिनं त्यावरून हात फिरवला.

"छान हाय," ती म्हणाली. "लेकानं दिलाय म्हटल्यावर छानच असणार."

संध्याकाळच्या गाडीनं मी पिंपरीला परत आलो.

बाराव्या दिवशी दुपारी कारखान्यात फोन आला. मुल्लाचाचांचा आवाज मी आधी ओळखलाच नाही.

"जयवंत, घाबरू नगंस. वहिनी पडल्यात. घोटा मोडलाय. दवाखान्यात घिऊन आलोय आम्ही."

"कधी पडली?"

"सकाळी सातला."

माझ्या हातातल्या घड्याळात पावणेतीन वाजत होते. "मग मला आत्ता कळवताय?"

"आम्हाला दीडला कळालं, पोरा," चाचा म्हणाले.

कराडला पोचेपर्यंत माझ्या डोक्यात ते दोनच आकडे फिरत होते. सात आणि दीड. न्हाणीत अंघोळीला गेलेली आई ओल्या फरशीवर घसरली, तिचा पाय पिंप आणि भिंतीच्या मध्ये अडकला. न्हाणी मागच्या बाजूला, पलीकडं उसाचं रान. ती ओरडली असेल, पण ऐकणार कोण? माघातली थंडी, अंगावर ओलं लुगडं, आणि साडेसहा तास.

दवाखान्यात तिच्या खोलीबाहेर तिघं उभी होती. नाना, मुल्लाचाचा आणि मंगलकाकू. त्यांना बघितलं आणि माझा तोल सुटला.

"बारा घरं आहेत तुमची!" मी ओरडलो. नर्स वळून बघायला लागली. "बारा घरं! माझी आई साडेसहा तास फरशीवर पडली होती. तुमचं लक्ष कुठं होतं? काय करत होता तुम्ही? पेपर वाचत बसला होता?"

चाचांनी मान खाली घातली. मंगलकाकूंनी पदर तोंडाला लावला. नानांनी मात्र सरळ माझ्या डोळ्यांत बघितलं.

"व्हय," ते म्हणाले. "पेपर वाचत हुतो."

मला तो उद्धटपणा वाटला. ऐंशीच्या घरातल्या माणसाला मी हातानं बाजूला सारून आत गेलो.

आईच्या पायाला गुडघ्यापर्यंत प्लास्टर होतं. चेहरा एवढासा झाला होता. मला बघून ती हसली, तेच मला सहन झालं नाही.

"हरले रं," ती म्हणाली. "कवा निघायचं?"

मी जिंकलो होतो. जिंकल्यावर माणसाला आनंद होतो म्हणतात. मी तिचा हात धरून बसलो आणि लहान पोरासारखा रडलो.

"असू दे," तीच मला थोपटत होती. "शब्द म्हंजे शब्द. उद्या घरी जा. लोखंडी पेटीत वरच माझी पातळं हायत. तात्यांचा फोटो तेवढा काढून घे. आन् जयवंता, भाईर त्यांना काही बोलू नगंस."

"बोललोय."

तिनं डोळे मिटले. "मग झालं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी घरी गेलो. फाटकात दोन पेपर पडलेले होते, कालचा आणि आजचा. ते उचलून आत आलो तर कोनाड्यात बाकीच्या दिवसांचे रचून ठेवलेले दिसले. एकाचीही घडी मोडलेली नव्हती. आईनं माझं दान नैवेद्यासारखं बाजूला ठेवलं होतं.

मी पेटी उघडली, पातळं काढली. फोटोला हात घालतोय तेवढ्यात मागून आवाज आला.

"भाकरी आणलीय. खाऊन घे, मग काय लुटायचं ते लूट."

मंगलकाकू दारात उभ्या होत्या. काल रडून त्यांचे डोळे सुजले होते, पण जीभ जागेवर आली होती.

"काकू, काल मी जरा—"

"जरा न्हाई, लई बोललास. बस तिथं." त्यांनी ताटली माझ्यासमोर आदळली. "तुझ्या आईनं समद्यांना शपथ घातलीय, जयवंताला सांगायचं न्हाई म्हणून. नाना पाळतील, मुल्लाभाऊ पाळतील. माझ्याच्यानं जमणार न्हाई. मला पाप लागलं तरी चाललं."

"काय सांगायचं नाही?"

"तुला पाटणकर कंडक्टर आठवतोय? तीन नंबरातला?"

आठवत होते. लहानपणी आम्हाला तिकिटांचे उरलेले तुकडे द्यायचे. ते गेल्याचं तात्यांनी फोनवर सांगितलं होतं.

"त्यो गेला ते आम्हाला तिसऱ्या दिशी कळालं," काकू म्हणाल्या. "तिसऱ्या दिशी. दारात दुधाच्या तीन पिशव्या आन् तीन पेपर. बारा घरं शेजारी. तवा समद्यांच्याकडं आपापला पेपर येत हुता, बाबा. अकरा घरची माणसं आपापल्या घरात पेपर वाचत बसली हुती आन् त्यो तिथं मरून पडला हुता."

माझा घास तोंडातच राहिला.

"त्याचं दिवस झालं, त्याची म्हातारी बहीण तिथं ऱ्हायला आली, तवा नानांनी समद्यांना वडाखाली बोलावलं. म्हणालं, रोज उठून कुणाच्या दारात जाऊन काय इचारायचं? जिता हायस का मेलास? असं कुणाला आवडंल? आन् आपल्याला तरी इचारवंल का? त्यापरास समद्यांनी पेपर बंद करा. एकच ठेवू. एकच गाडी सोडायची, बारा थांबं. गाडी पोचली म्हंजे मागचा माणूस धड हाय. पुढच्यानं दार उघडलं म्हंजे पुढचा धड हाय. धा मिनिटं गाडी लेट झाली की पुढच्यानं मागं जाऊन बघायचं, कुठं अडकलीय."

त्यांनी ताटली माझ्याकडं आणखी सरकवली.

"माझ्याकडं गाडी नऊ-चाळीसला येती. नऊ-पन्नास वाजलं की मी तुझ्या आईच्या दारात असते. पर त्याची पण पाळी आली नसती. मुल्लाभाऊ नऊ-पंधराला आलं असतं, दार उघडलं नसतं, तर त्यांनी फोडलं असतं. सवादोन तासांत तुझी आई घावली असती, जयवंता. सवादोन तासांत."

बाहेर रस्ता रिकामा होता. बाराही फाटकं बंद होती. सव्वानऊ वाजून गेले होते आणि कुणीही कुणाच्या दारात नव्हतं.

"मग तुम्ही मला सांगितलं का नाही?" मी विचारलं. "त्या दिवशी, मी घरोघर आलो तेव्हा?"

"कसं सांगायचं? लेकानं हौसेनं बारा घरांत वाटलं. तुझी आई म्हणाली, पोराचा हिरमोड नको. दोन-चार म्हयनं जाऊ द्यात, मग सांगते हळूच. तवर आपलं लक्ष ठेवू म्हणालो. पर रिकाम्या हातानं रोज कसं जायाचं रं कुणाच्या दारात? दोन दिस गेले. तिसऱ्या दिशी वाटलं, ती म्हणंल, आता काय काम काढलं? काल सकाळी तर मी म्हटलं, बसली असंल आपला पेपर वाचत."

"मग दीड वाजता चाचा कसे आले?"

काकूंच्या डोळ्यांतून पाणी आणि तोंडातून हसू एकदमच आलं. "त्यांना करमंना. त्यांचा पेपर घिऊन आलं, अदलाबदल करू म्हणून. माझा वाचून झालाय, तुमचा द्या. दोन्ही एकच पेपर! तारीख पण तीच!"

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, असं आपण सहज म्हणतो. मी माझ्या हातानं माझ्या आईभोवतीचं कुंपण काढून घेतलं होतं आणि कुंपण काढल्याबद्दल सगळ्यांकडून शाबासकी मागत फिरलो होतो. मी पातळं पुन्हा पेटीत ठेवली. तात्यांचा फोटो खिळ्यावर सरळ केला. आधी एक नंबरात गेलो आणि नानांचे पाय धरले. त्यांनी मला उठवून खुर्चीत बसवलं.

"कंट्रोलरची चूक हाय ही," ते म्हणाले. "गाडी बंद करायचा हुकूम मी दिला न्हवता, पर बंद पडलेली बघत बसलो. जन्मात असं केलं न्हवतं."

चाचा मला बघून नुसते रडले. मी त्यांच्या हातातला पेपर घेतला, माझ्याजवळचा त्यांना दिला. "अदलाबदल," मी म्हणालो. ते रडता रडता हसले.

दवाखान्यात आईनं माझा चेहरा बघूनच ओळखलं.

"मंगल बोलली न्हवं?"

"तू का नाही बोललीस?"

"बारा घरांत पेपर वाटलास तू. समद्यांच्या म्होरं माझी मान अशी वर झाली," तिनं हनुवटी उचलून दाखवली. "लेकानं दिलेलं परत कसं करू?"

"घरी चल, आई."

"पुण्याच्या न्हवं?"

"तुझ्या. सहा नंबराच्या."

तिनं मान हलवली. "शब्द दिलाय मी. तात्यांच्या फोटोसमोर."

"शब्द असा होता की तू पडलीस आणि लक्ष ठेवायला कुणी नसलं तर. लक्ष होतं. मी काढून घेतलं. हरलो मी."

तिनं उशीखाली हात घालून रुमाल काढला आणि माझं तोंड पुसलं, पाच वर्षांच्या पोराचं पुसावं तसं, जोर लावून.

"मग फोटो हललाय का भितीवरनं?" तिनं विचारलं.

"सरळ केलाय फक्त."

त्या दुपारी मी पेपरवाल्याकडं गेलो आणि अकरा पेपर बंद करायला सांगितले. त्यानं मला वेड्यात काढलं. ते बरोबरच होतं.

आई घरी आली त्या दिवसापासून आठवडाभर मी रजा काढून राहिलो. पहिल्या सकाळी आठ वाजताच तिनं मला केस विंचरून द्यायला लावले. आयुष्यात पहिल्यांदा मी आईचा अंबाडा घातला, तो तिनं दोनदा सोडला आणि तिसऱ्यांदा कसाबसा चालवून घेतला. प्लास्टरचा पाय स्टुलावर ठेवून ती ओट्यावर येऊन बसली. मग मला कळलं, रोज लग्नाला निघाल्यासारखी ती का नटायची. गाडी येणार असली की माणूस उठतं, अंघोळ करतं, वाटेकडं डोळे लावून बसतं. ज्याच्याकडं गाडीच येत नाही तो कशासाठी उठेल?

सव्वानऊला कडी वाजली.

"नऊ-पंधरा," चाचा म्हणाले. "गाडी टायमावर."

"झोप लागली का?" तिनं या खेपेला आधी विचारलं.

पेपर चार घरं फिरून, चाचांच्या हातून, डाग घेऊन आला होता. मी त्याला नमस्कार करायचा तेवढा बाकी ठेवला.

प्लास्टर निघेपर्यंत पुढच्या दारात पेपर न्यायचं काम मंगलकाकूंनी उलटं केलं. त्या स्वतःच नऊ-चाळीसला येऊन घेऊन जायच्या. त्यासाठी नानांनी रीतसर वेळापत्रकात बदल केला आणि तो वडाच्या बुंध्याला चिकटवला. खाली सही, कंट्रोलर.

आता मीही निवृत्त झालो. बायको आणि मी सहा नंबरात राहतो. बातम्या मला पहाटेच फोनवर कळतात, पेपर वाचायला उरतच नाही काही. तरी मी आठला दाढी करतो आणि सव्वानऊला ओट्यावर असतो. मुल्लाचाचा गेले, नाना गेले. पाच नंबरातून आता चाचांची थोरली लेक हसीनाआपा येते. मंगलकाकूंना ऐकू कमी येतं, म्हणून मी पेपर देताना मोठ्यानं विचारतो, "झोप लागली का?" त्या त्याहून मोठ्यानं ओरडतात, "तुझ्या घोरण्यानं कुठली लागतीय!"

आई त्यानंतर नऊ वर्षं राहिली. त्याच घरात, त्याच ओट्यावर. एकदाही मी पुण्याचं नाव काढलं नाही.

ती गेली त्या दिवशी मी पिंपरीतच होतो. दहाला पाच कमी असताना मंगलकाकूंचा फोन आला. काकू एरवी फोनवर ओरडत बोलायच्या. त्या दिवशी आवाज अगदी खाली होता.

"जयवंता, मुल्लाभाऊंनी नऊ-पंधराला गाडी दिली. बोलणं झालं दोघांचं, हसली पण म्हणं. माझ्याकडं आली न्हाई, म्हणून मी नऊ-पन्नासला मागं आले. खुर्चीत हाय रं. पेपर मांडीवर हाय, चष्मा डोळ्यावर हाय. कोपऱ्यात टाइम पण लिवलाय."

मी फोन कानाला धरूनच निघालो.

"हात गरम हाय अजून," काकू म्हणाल्या. "मी धरून बसलीय. मुल्लाभाऊ पायाशी हायत, नानांना निरोप गेलाय. तू घाई करू नगंस. सावकाश ये."

आईकडं जायच्या त्या रस्त्यावर मी आजवर घाईघाईनंच गेलो होतो. त्या दिवशी पहिल्यांदाच सावकाश गेलो.